तिसऱ्यांचे सरगुंडे

सिंधुताईंच्या हातचं जेवून ताटात काही टाकणारा माणूस भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये शोधूनही सापडला नसता. भट्टीच्या धगीनं तोंडाची चव गेलेले पोलादाच्या प्लांटमधले लोकसुद्धा त्यांच्या पातळभाजीपुढे बसले की दुसरी भाकर मागून घेत. त्या सिंधुताईंच्या सुनेच्या गळ्याखाली आता घास उतरत नव्हता. देवाला एखाद्याचा गर्व उतरवायचा असला की तो बरोबर त्याच्या स्वयंपाकघरात शिरतो.

सून म्हणजे शिल्पा, कोकणातली, वेंगुर्ल्याची. सिंधुताईंचा मुलगा पीयूष पुण्याला नोकरीवर असताना दोघांचं जमलं. पुढे त्याला इथल्या प्लांटमध्ये घेतलं आणि समुद्राकाठची पोरगी भिलाईला आली, जिथून कुठलाही समुद्र गाठायचा तर एक रात्र गाडीत काढावी लागते. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा हाती काही लागलं नाही. आता ही तिसरी खेप. या वेळी सहावा महिना लागला होता, पण डॉक्टरीणबाईंनी पलंग सोडायचा नाही असं बजावलं होतं. मागच्या तपासणीत त्यांनी चष्मा काढून हातात घेतला आणि सांगितलं, बाळाचं वजन भरत नाही, आईच्या पोटात काही तरी गेलंच पाहिजे.

सिंधुताईंनी करायचं काही बाकी ठेवलं नाही. वांग्याचं भरीत झालं, वडाभात झाला, पाटवड्या झाल्या, ज्वारीची आंबील झाली. शिल्पा सासूचं मन राखायला दोन घास घ्यायची आणि थोड्या वेळानं ते दोन घास परत यायचे. वर तीच ओशाळून म्हणायची, आई, चव छान होती हो. हे ऐकून सिंधुताईंना जास्तच रडू यायचं.

गर्भारशीचे डोहाळे पुरवले नाहीत तर लेकराचे कान फुटतात, असं त्यांच्या माहेरी, पवनीकडे म्हणतात. म्हणून त्या रोज विचारायच्या, "सांग ना बेटा, काय खाव वाटते तुले?" शिल्पा मान हलवायची. तिला काहीच खावंसं वाटत नव्हतं, किंवा जे वाटत होतं ते इथे मागण्यात अर्थ नाही हे तिनं स्वतःशीच ठरवून टाकलं होतं.

एका दुपारी सिंधुताई तिच्या पायांना तेल लावत होत्या. शिल्पाचा डोळा लागला होता. झोपेतच तिचे ओठ हलले. सिंधुताईंनी कान जवळ नेला.

"बाबांच्या हातचं," शिल्पा पुटपुटली. "काडीवरचं... तिसऱ्यांचं..."

सिंधुताईंचा हात तिथल्या तिथे थांबला. शिल्पाचे वडील गेल्या साली वारले होते. आणि तिसरा म्हणजे काय हे भिलाईत कुणाला सांगावं लागत नाही. माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी राख सावडतात, हाडं वेचतात, तो तिसरा. त्यात पुन्हा काडी. काडी म्हटल्यावर सिंधुताईंच्या डोळ्यांपुढे सरणच उभं राहिलं. पोटुशी पोरगी, तिची ही तिसरी खेप, आणि तिला मेलेल्या बापाच्या तिसऱ्याचं अन्न खावंसं वाटतंय. याचा अर्थ एकच. बाप लेकीला बोलावून राहिला.

हे बोलायचं कुणाजवळ? पीयूष हसला असता, त्याच्या हिंदीत म्हणाला असता, मम्मी, कुछ भी. नवऱ्याला, मारोतरावांना सांगावं तर ते रूळ बनवणाऱ्या रेल मिलमधून निवृत्त झालेले, जे मोजता येत नाही त्यावर त्यांचा विश्वास नाही. सिंधुताईंनी मनाशी विचार केला. अशा वेळी लोखंड जवळ असावं म्हणतात. साधी माणसं विळा ठेवतात, खिळा ठेवतात. पण ज्या घरानं आयुष्यभर लोखंडाचंच खाल्लं, तिथे खिळ्यावर कोण भागवील? निवृत्तीच्या दिवशी मिलमधल्या सोबत्यांनी मारोतरावांना रुळाचा एक काप भेट दिला होता. आडवा कापलेला, घासून आरशासारखा केलेला, खाली लाकडाची बैठक. तो टीव्हीशेजारी असायचा. सिंधुताईंनी तो पदराखाली घेतला आणि शिल्पाच्या उशाखाली, गादीच्या आत, नीट बसवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात गोंधळ उडाला. मारोतराव रोज चहाच्या आधी तो काप पुसायचे, अगदी देव पुसावे तसे. तो जागेवर नाही. त्यांनी सोफ्याखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, गल्लीत ओरडत जाणाऱ्या कबाडीवाल्याला थांबवून त्याची हातगाडी उपसली. तो बिचारा शपथा घेत राहिला. शेवटी आतून शिल्पाचा बारीक आवाज आला, पप्पा, रात्रभर मानेला काहीतरी टोचत होतं, तुमचा रूळ माझ्या गादीत आहे.

मारोतरावांनी बायकोकडे पाहिलं. सिंधुताईंचा बांध फुटला. त्यांनी मारोतरावांना स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि सगळं सांगितलं. बाबांचं, काडीचं, तिसऱ्याचं.  मारोतरावांना हसू आलं होतं, पण बायकोचा चेहरा पाहून ते विरून गेलं.

"तिले विचारलं का तू?"

"असं विचारतेत का कोणी?"

"मंग मी विचारतो," म्हणत ते तडक आत गेले. मिलमध्ये एखादं यंत्र अडलं तर ते त्याच्याभोवती फिरत बसत नसत, सरळ उघडून पाहायचे. ते पलंगाशेजारी बसले आणि त्यांनी विचारलं, पोरी, झोपेत तू तिसऱ्याचं काय म्हणून राहिली होती, तुझी सासू घाबरली ना.

शिल्पा आधी बावरली. मग तिला उलगडलं आणि ती हसायला लागली. पोटावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईतो हसली. कित्येक दिवसांत या घरात ते हसू कुणी ऐकलं नव्हतं. तिनं मोबाइल काढला, त्यात शोधून सासूपुढे धरला. पडद्यावर परातभर शिंपल्या होत्या, करड्या, रेघारेघांच्या.

"आई, आमच्याकडे ह्यांना तिसऱ्या म्हणतात."

सिंधुताई बघतच राहिल्या. त्यांच्या गावी वैनगंगेच्या काठी शिंपल्या ढिगानं मिळायच्या. त्यांच्या कडेनं कैऱ्या सोलायच्या, एवढंच त्यांना ठाऊक. शिंपल्या खातात हे त्यांना आज कळलं, आणि त्यातही आपल्या घरची लक्ष्मी त्यांच्यासाठी झुरतेय हे.

मग शिल्पानं सगळं सांगितलं. तिचे वडील बोटीवर भंडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. वर्षातून एकदा घरी यायचे. आल्या दिवशी भरती-ओहोटी बघून स्वतः खाडीवर जायचे, तिसऱ्या काढून आणायचे आणि पास्ता करायचे. पाकिटातला नाही. पीठ मळून, हातानं. इटलीतल्या कुठल्याशा बंदरात एका म्हाताऱ्या बाईनं तो त्यांना शिकवला होता. रव्यासारखं गव्हाचं पीठ, पाणी, मीठ. घट्ट मळायचं, त्याची बारीक दोरी वळायची, आणि ती काडीवर गुंडाळत न्यायची. बाबा छत्रीची काडी वापरायचे. गुंडाळी झाली की हलकेच दाबून काडी ओढून घ्यायची, की मधोमध पोकळ वेटोळं राहतं. त्या पोकळीत तिसऱ्यांचा रस भरतो.

बोलता बोलता ती थांबली, कारण सिंधुताई उठून गेल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवरून डबे खाली येण्याचा आवाज आला. त्या परतल्या तेव्हा त्यांच्या हातात जुन्या पातळाच्या चिंधीत बांधलेली गवताच्या काड्यांची जुडी होती. हाताळून हाताळून त्या काड्या गुळगुळीत आणि लालसर झाल्या होत्या.

"अशी?" त्यांनी विचारलं.

त्यांनी उभ्याउभ्या कणकेचा एक गोळा आणला, तळहातावर त्याची दोरी वळली, काडीवर फिरवत नेली, अंगठ्यानं दाबली आणि काडी ओढली. त्यांच्या हातावर एक पांढरं, पोकळ वेटोळं पडलं.  शिल्पानं ते चिमटीत धरलं, उजेडाकडे नेऊन आरपार पाहिलं.

"आई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"माह्या आजीनं. हे तं सरगुंडे होत. आमच्याकडे लग्नात करतेत, आमरसात टाकतेत. आता कोणाले वेळ आहे? म्हणून बांधून ठेवल्या काड्या."

 सिंधुताई त्या वेटोळ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या आजीनं वैनगंगेपेक्षा मोठं पाणी कधी पाहिलं नव्हतं. ती दुसरी म्हातारी, जी कोण होती देव जाणे, तिनं पवनीचं नाव ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. मध्ये सगळा समुद्र. दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही, बोली ऐकली नाही, आणि पीठ मात्र एकाच रीतीनं काडीला गुंडाळलं. एकीचं बोटीवरच्या भंडाऱ्यामार्फत वेंगुर्ल्याला गेलं, दुसरीचं नातीच्या लग्नाबरोबर भिलाईला आलं, आणि आज दोन्ही या पलंगावर येऊन भेटली. माणसाचे हात कुठून काय घेऊन येतात हे त्याचं त्यालाही माहीत नसतं, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी नकळत हात जोडले.

पीठ झालं, हात झाले. आता तिसऱ्या. मारोतरावांनी जवळच्या चरोद्याला देवानंदला फोन लावला. देवानंद त्यांचा गाववाला, मालगाडीवर गार्ड, आणि त्याच्या ओळखी रूळ जातील तिथवर. समुद्रातल्या शिंपल्या पाहिजेत, जिवंत, गर्भार सुनेसाठी, एवढंच त्याला सांगितलं. त्यानं 'कावून पाहिजेत?' असं विचारलं नाही. गर्भारशीचं काम म्हटल्यावर रेल्वेतला माणूस सिग्नल मागत नाही. पीयूषनं डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. ताज्या असतील आणि पूर्ण शिजल्या असतील तर चालतील, तिच्या पोटात काहीही राहिलं तर मला आनंदच आहे, असं त्या म्हणाल्या. पुढच्या रविवारी सकाळी विशाखापट्टणमहून येणाऱ्या गाडीनं थर्माकोलचा एक डबा दुर्गला उतरला. पीयूष तो मोटरसायकलवर तान्हं मूल धरल्यासारखा सांभाळून घेऊन आला.

झाकण काढलं. ओल्या गोणपाटाखाली बर्फ, आणि वर फडक्यात करड्या शिंपल्या. सगळ्या घट्ट मिटलेल्या.

"दगडं पाठवले का देवानंदनं?" सिंधुताई म्हणाल्या.

आतून शिल्पानं सांगितलं की त्यांना मिठाच्या पाण्यात ठेवा, पोटातली रेती सोडतील. पाणी किती खारट करायचं, असं सिंधुताईंनी विचारलं. समुद्राइतकं, शिल्पा म्हणाली.

इथे सगळं अडलं. शिल्पाखेरीज घरात कुणालाच समुद्र किती खारट असतो ते माहीत नव्हतं. मारोतरावांनी भारतभर जाणारे रूळ घडवले, पण स्वतः कधी त्यांच्या टोकाला गेले नाहीत. पीयूष सासरी गेला तेव्हा लाटांकडे पाठ करून फोटो काढून आला होता. मग सिंधुताईंनी पातेलंच पलंगापाशी नेलं, मूठभर मीठ टाकलं, ढवळलं आणि चमच्यानं पाणी शिल्पापुढे धरलं.

शिल्पानं जिभेला लावलं. "अजून."

आणखी मीठ पडलं. तिनं पुन्हा चाखलं, डोळे मिटले. "अजून थोडं."

सिंधुताईंनी चिमटीनं टाकलं. शिल्पानं तिसऱ्यांदा चाखलं आणि तशीच राहिली. मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळून हनुवटीपर्यंत आलं. "हां," ती म्हणाली. "हा आमचा समुद्र."

शिंपल्या त्या पाण्यात सोडल्या. बराच वेळ काही झालं नाही. मारोतराव पेपर वाचायला गेले. सिंधुताई मात्र पाटावर बसून राहिल्या. आणि मग एका शिंपलीत केसाएवढी फट पडली. फट वाढली. आतून मऊ, फिक्कट जिभेसारखं काहीतरी बाहेर आलं, त्यानं अंदाज घेतला, आणि पिचकारी मारल्यासारखं पाणी उडवलं. मग दुसरीनं, मग तिकडच्या एकीनं. पातेल्याच्या तळाशी बारीक रेती साचू लागली. एक थेंब उडून सिंधुताईंच्या ओठांवर पडला. त्यांनी तो पुसला नाही, चाटला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना समुद्राची चव कळली, तीही सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये पाटावर बसून.

"अहो, या इकडे," त्यांनी हळूच हाक मारली. "ह्या श्वास घेऊन राहिल्या."

मारोतराव आले, गुडघे धरत खाली बसले. पीयूषही आला, मम्मी, ये तो सच में ज़िंदा हैं, म्हणाला आणि खाली टेकला. तिघंही पातेल्याभोवती बसून राहिली. देव्हाऱ्यापुढेही हे घर इतकं शांत कधी बसलं नव्हतं.

दुपारी सासू-सुनेनं पलंगावरच परात घेतली. सिंधुताई दोरी वळायच्या, शिल्पा काडीवर गुंडाळायची. पहिली काही वेटोळी बिघडली, मग तिच्या बोटांना लहानपण आठवलं. फडक्यावर वेटोळी जमत गेली. तरी सिंधुताईंनी पीठ बेतानंच घेतलं होतं. दोन घासांच्या वर जेवण जात नाही हे त्यांना अनुभवानं माहीत होतं, आणि उरलेल्या अन्नाकडे पाहायची त्यांची आता छाती नव्हती.

मग त्या एकट्या गॅसपाशी गेल्या. कढईत तेल, ठेचलेला लसूण, एक हिरवी मिरची चिरून. त्यात शिंपल्या टाकल्या आणि झाकण ठेवलं. शिल्पानं आतून सांगून ठेवलं होतं की उघडतील त्या खायच्या, बंद राहतील त्या टाकून द्यायच्या. झाकण काढलं तेव्हा वाफेबरोबर असा वास आला की त्या एक पाऊल मागे सरल्या. ओला, खारा, मोठा वास. कढईतल्या शिंपल्या फुलं उमलावीत तशा उघडल्या होत्या, आणि त्यांच्यातून दुधट रस सुटला होता.

दोन मात्र मिटलेल्याच होत्या. सिंधुताईंनी पुन्हा झाकण ठेवलं, वाट पाहिली. त्या दोन उघडल्या नाहीत. त्यांनी त्या बाहेर काढल्या, पण कचऱ्याच्या डब्यात टाकवेनात. दोन्ही तळहातावर घेऊन त्या मागच्या अंगणात गेल्या, तुळशीच्या कुंडीतली माती उकरली आणि त्यांना आत ठेवलं. डोळे भरून आले होते. आधीच्या त्या दोन खेपांसाठी आपण कधी नीट रडलोच नव्हतो, हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी हात धुतले आणि परत येऊन सरगुंडे उकळत्या पाण्यात सोडले.

वाटीत वेटोळी, त्यावर शिंपल्या, तो रस, वर कोथिंबीर. सिंधुताईंनी वाटी शिल्पाच्या हातात दिली आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. सवयीनं त्यांनी बेसिनकडची वाट मोकळी ठेवली होती. मारोतराव पुढच्या खोलीत टीव्ही बंद करून बसले होते.

शिल्पानं एक वेटोळं तोंडात घातलं. चावलं. मग शिंपली बोटांनी धरली, आतलं दातांनी ओढून घेतलं, टरफलातला रस चोखला. मग दुसरी. ती कुणाकडे पाहत नव्हती. रस हातावरून कोपरापर्यंत आला तो तिनं जिभेनं टिपला. टरफलं ताटात वाजत पडत होती.  आता थांबेल, आता हात तोंडावर जाईल, असं सिंधुताईंना प्रत्येक घासाला वाटत होतं. शिल्पा थांबली. वाटी तोंडाला लावून तिनं तळचा रस पिऊन घेतला, रिकामी वाटी खाली ठेवली आणि किती तरी वेळ नुसती बसून राहिली.  काहीही परत आलं नाही.

मग तिनं मान वर केली.

"आई," ती म्हणाली, "अजून?"

सिंधुताईंना ते एकदम कळलंच नाही. या शब्दासाठी त्या किती दिवस ताटकळल्या होत्या, आणि तो आला तेव्हा घरात पुरेसे सरगुंडे नव्हते. कढईत शिंपल्या होत्या, पण मळलेलं पीठ संपलं होतं. त्या वळल्या, पिठाचा डबा ओढला, परातीत भसाभस ओतला. अर्धं खाली सांडलं. पाणीही परातीबाहेर जायला लागलं तेव्हा मारोतराव येऊन शेजारी बसले, त्यांनी तांब्या स्वतःकडे घेतला, आणि जुडीतली एक काडी उचलली.

"दाखव मले," ते म्हणाले. "कशी गुंडाळतेत ते."